चाळीस शब्द कमी पडले म्हणून

...नाही, हसू नका, आमचे बाबा चार दिवस घरात उलटे चालत होते, बीपीची गोळी बंद, आणि का, तर म्हणे, "इंटरनेटवर लिहिलंय." आता तुम्हाला सांगतो, कुठे बोलू नका, ते लिहिलंय कुणी? मी! कामच ते माझं, आरोग्याच्या वेबसाइटसाठी दिवसाला आठ लेख पाडायचे, प्रत्येकी सहाशे शब्द, आणि त्या दिवशी चाळीस शब्द कमी पडत होते, पोटात कावळे ओरडत होते, शेजारच्याने डबा उघडलेला... दिलं ठोकून, "रोज अर्धा तास उलटं चाला, बीपीची गोळी विसरा." वर फोटो कुठल्याशा पांढऱ्या दाढीवाल्या आजोबांचा, खाली 'ज्येष्ठ आरोग्यतज्ज्ञ'. गेलो जेवायला.

तोच लेख फिरत फिरत बाबांच्या फोनवर. परवा त्यांच्या दंडाला पट्टा बांधून बीपी मोजलं, एकशे ऐंशी. म्हटलं, "बाबा, गोळी घ्या." "इंटरनेटवर लिहिलंय." म्हटलं, "अहो, ते मीच लिहिलंय." त्यांनी चष्म्यावरून मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तू? शास्त्रात पस्तीस मार्क तुला. त्या गृहस्थांची दाढी बघ जरा." आतून आई, "अरे, म्हाताऱ्या माणसाचं श्रेय कशाला लाटतोस?"

डॉक्टरांना फोन जोडून दिला, तर त्यांनाच विचारतात, "तुम्ही वाचत नाही वाटतं काही?" लेख काढून टाकला, तर म्हणतात, "बघ, खरं बोलला म्हणून दाबलं बिचाऱ्याला." आता काय कपाळ फोडून घेऊ? आणि तेवढ्यात उलटे चालता चालता भिंतीला टेकले, डोळे मिटले, "जरा गरगरतंय रे..." चाळीस शब्दांपायी बाप घालवतो की काय मी?

त्यांना खुर्चीत बसवलं, तिथेच फोनवर लिहून साइटवर टाकलं, "उलटं चालण्याचा खरा फायदा हवाय? आधी गोळी घ्या." तेच 'ज्येष्ठ आरोग्यतज्ज्ञ', तीच दाढी. दाढीवाल्याचं नवीन काही आलं की बाबांच्या खिशात टिंग होतं, तसं झालं. वाचलं. मान डोलावली. "अगं, माझी गोळी आण. इंटरनेटवर लिहिलंय."

दोन दिवसांनी आकडा खाली आला. मला जवळ बसवून म्हणाले, "लिहावं तर असं, माणसाचा जीव वाचतो. नाहीतर तू."

म्हटलं, "हो बाबा." काय करता... दाढी वाढवायला घेतलीय.