घाट चढलेल्या गाडीला निरोप

व्यासपीठावर विराजमान असलेले आपल्या मंडळाचे सन्माननीय अध्यक्ष, लांबचा प्रवास करून आलेले प्रमुख पाहुणे, कार्यवाह, परीक्षक मंडळी, समोर बसलेले जुन्या मोटारींचे सर्व मालक, आणि त्या मोटारींच्या सवती होऊन नांदणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, सर्वांना माझा नमस्कार.

खरं तर इथे आमच्या ह्यांनी बोलायला हवं होतं. पण भाषण म्हटलं की ह्यांचा घसा बसतो आणि बॉनेट उघडलं की सुटतो. म्हणून कार्यवाहांनी काल मला गळ घातली. दोन शब्द बोला, म्हणाले. दोनावर थांबेन असं मी कबूल केलेलं नाही.

आजचा समारंभ मोठा गमतीचा आहे. निरोप माणसाला देतात, आपण गाडीला देतोय. आमच्या सासऱ्यांनी भंगारातून उचलून उभी केलेली ही गाडी इतकी वर्षं मंडळाच्या प्रत्येक फेरीत धावली, आणि आज तिला मानाने बाहेर काढलं जातंय, कारण तिच्या इंजिनावरचा कार्ब्युरेटर काढून ह्यांनी तिथे पेट्रोल सोडणारं नवं इंजेक्शन बसवलं. इंजिन सगळ्या भागांसकट मूळचं असेल तरच गाडी जुनी, असा मंडळाचा नियम आहे. नियमाबद्दल माझी तक्रार नाही. फक्त पुष्पगुच्छ देऊन इतक्या गोडीने कुणाला घराबाहेर काढलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं.

पाहुण्यांना वाटलं असेल, चांगल्या चालत्या गाडीला हा उद्योग कशाला? तर सांगते. ह्यांचे थोरले भाऊ, आमचे दादा, वर डोंगरावरच्या गावात राहतात. सासूबाई गेल्या, त्यानंतर त्यांनी आपली खोली आवरली, वरच्या शाळेच्या वर्कशॉपात नोकरी धरली, आणि तेव्हापासून ते खाली आले नाहीत. भांडण झालं म्हणावं तर तसंही नाही. फोनवर अगदी गोड बोलतात. घरी या म्हटलं की मात्र ह्यांना ठरलेलं उत्तर मिळायचं, "बाबांची गाडी घेऊन ये, लगेच बसतो."

आणि बाबांची गाडी वर जायची नाही. इथे जाणकार बसलेत, माझं चुकलं तर सांभाळून घ्या. उंचावर हवा विरळ होते. कार्ब्युरेटरला ते कळत नाही, तो आपला खालच्याच मापाने पेट्रोल सोडत राहतो. इंजिन गुदमरतं, प्लग काजळीने काळे होतात, आणि शेवटच्या चढाच्या वळणावर गाडी मान टाकते. ह्यांनी त्यातले जेट, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोट्या, बदलून पाहिले. वर चालेल असा जेट घातला की खाली गाडी सुरूच होईना. दर खेपेला त्या वळणावरून उतारावर सोडून परत. दुसऱ्या कुणाची गाडी घेऊन गेलो तर दादा चहा पाजायचे, फाटकापर्यंत सोडायला यायचे, आणि म्हणायचे, ह्या गाडीत नको रे.

मग ह्यांच्या डोक्यात इंजेक्शन शिरलं. त्यात कॉम्प्युटर हवा मोजतो आणि हवेच्या हिशेबाने पेट्रोल देतो. ऐकायला किती सोपं वाटतं, नाही? जुन्या डायनॅमोची वीज त्याला पुरेना, म्हणून सहा व्होल्टची सगळी वायरिंग उपसून बाराची घातली. पेट्रोलच्या टाकीत गंज निघाला. ती टाकी आमच्या न्हाणीघरात पाहुण्यासारखी ठाण मांडून बसली आणि आम्ही अंघोळीला शेजारी जाऊ लागलो. एक्झॉस्टच्या पाइपाला भोक पाडून सेन्सर बसवताना ह्यांचा हात पोळला. शेवटी मला कामाला जुंपलं. मांडीवर लॅपटॉप घेऊन शेजारी बसायचं आणि पडद्यावरचे आकडे मोठ्याने वाचायचे. अख्ख्या संसारात ह्यांनी माझं बोलणं इतकं कान देऊन कधी ऐकलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडलं.

आणि गाडी चढली. ते वळण आलं तेव्हा भीतीने माझं वाचन थांबलं, तर हे म्हणाले, वाचत राहा. मी वाचत राहिले. गाडीने मान टाकली नाही. वर पोहोचेपर्यंत ह्यांचे डोळे वाहत होते, आणि मी मनातल्या मनात दादांच्या खोलीतल्या गादीला ऊन दाखवत होते.

दादा फाटकाशी आले. गाडी बघून त्यांचा चेहरा पडला. मला ते दिसलं, ह्यांना नाही, कारण हे बॉनेट उघडण्यात दंग होते. दादा वाकून बघू लागले.

"बाबांचा कार्ब्युरेटर काढलास?"

"हो दादा. आता कुठेही अडणार नाही."

"मग ही बाबांची गाडी नाही. मी हिच्यात बसणार नाही."

हे बॉनेटखालची एकेक वायर चाचपून बघू लागले. मी चहा ठेवायच्या निमित्ताने आत गेले, तर दादा मागोमाग आले. ओट्याला टेकून हळूच म्हणाले, "तिला वर येता येत नव्हतं, तेच बरं होतं. मला नाही म्हणावं लागत नव्हतं."

मंडळी, सासूबाईंच्या छातीत कळ आली त्या दिवशी हे आमची गाडी घेऊन आपल्या मंडळाच्या फेरीत होते. दुखतंय असं त्या सकाळीच म्हणाल्या होत्या. दादांनी ह्यांना जाऊ नको म्हटलं होतं. मी माहेरी होते. शेजाऱ्यांची गाडी मिळेपर्यंत उशीर झाला. संध्याकाळी हे फेरीत जिंकलेला कप घेऊन घरी आले. त्याबद्दल दादा ह्यांना एक शब्द बोलले नाहीत, अजून बोललेले नाहीत. बाबांची गाडी आण, हीच त्यांची नकार द्यायची रीत होती. कार्ब्युरेटर होता तोवर ह्यांच्याकडे आशा होती आणि दादांकडे सबब होती. आम्ही एवढा खटाटोप करून दोन्ही काढून टाकलं.

हे मी घरी बोलायला लागले की हे उठून गॅरेजमध्ये जातात. आज कार्यवाहांनी ह्यांना पहिल्या रांगेत बसवलंय. आता उठायची सोय नाही.

मघाशी अध्यक्षांनी मोठ्या मनाने जाहीर केलं की मूळचा कार्ब्युरेटर परत चढवला तर मंडळाचं दार ह्या गाडीला सदैव उघडं आहे. तुम्ही टाळ्या वाजवल्या. मी ह्यांच्याकडे बघत होते. तो कार्ब्युरेटर सध्या आमच्या जेवणाच्या टेबलावर असतो. हे जेवण झालं की तो खोलतात, पुसतात, पुन्हा जोडतात. तो बसवला की ती परत बाबांची गाडी होईल आणि दादा बसतील, असं ह्यांनी धरून ठेवलंय. आणि मग ती घाट कशी चढणार, ह्याचा ह्यांना साफ विसर पडलाय. आठवण झाली की हे त्यावरही उपाय शोधू लागतील. ह्यांचं उरलेलं आयुष्य त्या वळणावर जाईल, आणि शेजारच्या सीटवर माझं.

म्हणून अध्यक्ष महोदय, एक विनंती आहे. ते दार लावून घ्या. आमच्या गाडीला पुरता निरोप द्या. आणि अहो, तुम्हीही ऐका. दादा येणार नाहीत. कार्ब्युरेटरने नाही आणि इंजेक्शनने नाही.

मंडळाने इतकी वर्षं आम्हाला आपलं मानलं, आज एवढा वेळ शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल मी सर्वांची मनापासून आभारी आहे. आनंदाच्या कार्यक्रमात नको ते बोलले असेन, तर मोठ्या मनाने मला माफ करा. ह्यांना माफ करणं तुमच्या हातात नाही. ज्यांच्या हातात आहे ते वर राहतात, आणि ते ह्यांच्यावर रागावलेत हेसुद्धा त्यांनी ह्यांना सांगितलेलं नाही.