मेहुण जेवलं, पत उपाशी

...आणि वर ती फोनवरची पोरगी मला म्हणते, "मॅडम, तुमच्या मिस्टरांनी जीपचे हप्ते थकवलेत!" जीपचे! अहो, आमच्या ह्यांचा उभा जन्म सातपूरच्या कारखान्यात सायकलवर जा-ये करण्यात गेला, उतरताना अजून पाय टेकायला कठडा शोधतात, त्यांना जीप कोण देतंय आणि हे ती चालवतायत कशाला? मी म्हटलं, "बाई, तुझा काहीतरी घोटाळा होतोय." तर म्हणते, "आमच्याकडे घोटाळा होत नाही मॅडम, कॉम्प्युटरमध्ये आहे." जसा काही कॉम्प्युटर म्हणजे सोवळ्यातला देव, त्याला विटाळच होत नाही! मग म्हणे, "पतीचं पूर्ण नाव कन्फर्म करा." आता आली का पंचाईत? मी नवऱ्याचं नाव असं भाजी निवडता निवडता फाडकन घेत नाही हो, आमच्यात नाही तशी पद्धत. पण पोरगी हटून बसलेली. शेवटी म्हटलं, "गंगेच्या काठी दिव्यांच्या ओळी, खंडेरावांचं नाव घेते फोनच्या वेळी." तर म्हणते कशी, "मॅडम, हो की नाही तेवढंच सांगायचं होतं."

तुम्हाला सांगते, देवाबद्दल माझी एका अक्षराची तक्रार नाही, पण माणसांची मात्र किळस आली हो मला, किळस!

हे सगळं सुरू झालं घरावरनं. सातपूर कॉलनीत भाड्याच्या दोन खोल्यांत आमचा संसार, नळाला पाणी आलं तर वरचीकडं जातं आणि गळालं तर आमच्याकडं येतं. मग पाथर्डी फाट्याला एक फ्लॅट बघितला, नकाशावरच. बाल्कनी पूर्वेची, तुळस ठेवायला जागा. मी तर मनात वृंदावन रंगवूनसुद्धा मोकळी झाले. बिल्डर म्हणाला, गुढीपाडव्यापर्यंत कर्ज मंजूर करून आणा, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक उभं आहे. हे गेले बँकेत. साहेबांनी कॉम्प्युटरवर टकटक केलं आणि तोंड असं केलं जणू ह्यांच्या अंगाला वास येतोय. "गांगुर्डे, तुमची पत खराब आहे!"

आता पत म्हणजे काय, दूध आहे का नासायला? तर एक कंपनी असते म्हणे, ती सगळ्या देशाची पत लिहून ठेवते. कुणी कुठे किती बुडवलं, सगळं. चित्रगुप्तच म्हणा ना! पण चित्रगुप्त निदान माणूस बघून खातं उघडतो. त्या कंपनीनं कुणा भलत्याच खंडेराव गांगुर्ड्याची जीप आमच्या दारात आणून उभी केली. आमच्या ह्यांनी जन्मात कुणाकडून उसनं मीठ घेतलं नाही. "साहेब, मी तो नव्हेच!" तर साहेब म्हणतात, "प्रत्येक जण असंच म्हणतो." ह्यांनी त्या कंपनीला पत्रं लिहिली, तिकडनं छापील उत्तर, 'आपल्या तक्रारीची नोंद घेतली आहे.' नोंदच घेत बसतात मेले, दुसरं काय येतं त्यांना?

हे हबकून गेले. रात्री ताटावर बसले की घास हातातच. "अगं, कारखान्यात समजलं तर काय म्हणतील, गांगुर्ड्यानं पैसे बुडवले?" माणसाचं नाव हो! बाकी काय आहे आमच्याकडं? म्हटलं, माणसांनी ऐकलं नाही ना, मग आपण वरच्या कोर्टात जाऊ. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी सोळा सोमवारांचं व्रत धरलं. आणि देव कुठला, तर पंचवटीतला कपालेश्वर! का, माहीत आहे ना? तिथं महादेवापुढे नंदी नाही. म्हणजे देवालासुद्धा वाहन नाही! मी म्हटलं, ह्याला आमचे हाल समजतील.

कारण वाहन आम्हाला तरी कुठे होतं? सातपूरहून पंचवटीला जायचं म्हणजे सिटी बस. तुम्ही कधी सोवळ्यानं, उपाशीपोटी, हातात बेलाची परडी घेऊन गेलायत का सिटी बसनं? तासभर थांब्यावर उभं राहायचं, एक येत नाही. मग आल्या की तीन, एकीमागून एक, वरातीला निघाल्यासारख्या, आणि तिसरी रिकामी असते ती थांबत नाही! आत शिरलं की कंडक्टर सुरू, "मागं सरका, मागं सरका, मागं जागाच जागा आहे!" मागं जागा? मागं तर सरकता सरकता एक गृहस्थ पार पुढच्या दारातनं परत आत यायचे बाकी होते! एकदा एक बाई माझ्या परडीवरच बसल्या. मी म्हटलं, "अहो, देवाचा बेल आहे." तर म्हणतात, "मग देवाला सांगा रिक्षा करायला." काय बोलायचं? मी चुरगळलेली पानं हातानं सारखी केली, मनात म्हटलं, महादेवा, तूच बघ. देवाबद्दल तक्रार नाही, पण माणसांची किळस आली हो!

असे सोळा सोमवार झाले आणि सतराव्याला उद्यापन. कणिक, गूळ, तुपाचा चुरमा करायचा, देवाला दाखवायचा आणि मेहुण जेवू घालायचं. मेहुण म्हणजे नवरा-बायको जोडीनं, त्यांचे पाय धुवायचे, शंकर-पार्वती मानून पोटभर वाढायचं, मग आपण उपास सोडायचा. माझी नणंद आक्काबाई चांदवडला असते, तिला आणि सावळीराम भाऊजींना आवतण दिलं होतं. सकाळच्या गाडीनं निघतो म्हणाले.

आणि नेमका त्याच सोमवारी पुढाऱ्यांचा बार! महापालिकेची निवडणूक तोंडावर, मैदानात जंगी सभा, आणि माणसं आणायला जिल्ह्यातल्या गाड्याच्या गाड्या ठरवून नेलेल्या. आमच्या गल्लीतले इच्छुक उमेदवार सकाळीच रिक्षातनं ओरडून गेले, "जनतेच्या सोयीसाठी झटणारा तुमचा हक्काचा माणूस!" जनतेच्या सोयीसाठी? अहो, जनता थांब्यावर उभी आहे आणि गाड्या तुमच्या सभेला गेल्यात! बारा वाजले, आक्काबाईंचा पत्ता नाही. एक वाजला. माझा चुरमा निवतोय, पोटात कावळे, आणि मेहुण जेवल्याशिवाय पाण्याचा घोट नाही. ह्यांनी रजा काढलेली, सोवळं नेसून कोपऱ्यात बसलेले, सारखे म्हणतायत, "बघ, आपलं काहीच धड होत नाही." मी देवळातल्या गुरुजींना फोन केला, "गुरुजी, ओळखीचं नसलं तरी चालेल, पण एक मेहुण पाठवा हो!" गुरुजी म्हणाले, "पाठवतो, पाठवतो."

आणि देवाची लीला बघा! पंधरा मिनिटांत दारात जोडी हजर! तो उंच, कपाळाला आठ्या, बगलेत फायली. ती ठेंगणी, गळ्यात मंगळसूत्र. "खंडेराव गांगुर्डे इथंच राहतात का?" मी म्हटलं, "या, या, या! केव्हाची वाट बघतेय तुमची!" तो गृहस्थ दचकून एक पाऊल मागं! त्याचं असं स्वागत कुणी केलंच नसावं जन्मात. म्हणतो, "तुम्ही... आमची वाट बघताय?" म्हटलं, "तुमच्यावाचून माझा घास अडलाय!" हात धरून पाटावर बसवलं. तो, "अहो मावशी, ऐका तर..." मी म्हटलं, "बोलू नका, आधी पाय पुढे करा." आणि तांब्या घेतला. ह्यांनी पाणी घातलं, मी पाय धुतले, पुसले. मोजे काढले तेव्हा त्याच्या मोज्याला भोक होतं बिचाऱ्याच्या, तो लाजून अंगठा आखडतोय. बाईला हळदीकुंकू लावलं, ओटी भरली. ती नारळ सांभाळत त्याच्याकडे बघतेय, तो तिच्याकडे. मी म्हटलं, नवीन लग्न दिसतंय!

चुरमा वाढला, वरनं तूप सोडलं, हात जोडून म्हटलं, "आता सावकाश जेवा, शंकर-पार्वतीच माझ्या घरी आले." तेव्हा त्या बाईला राहवेना. म्हणाली, "काकू, आमचं लग्न नाही झालेलं!" माझ्या हातातली तुपाची वाटी तशीच! "अगं मग ते मंगळसूत्र?" "ते माझ्या मिस्टरांचं आहे, ते अंबडला कामाला असतात. हे ज्ञानेश सर आहेत, मी ललिता, ह्यांच्या हाताखाली. आम्ही जीपच्या हप्त्यांच्या वसुलीला आलोय."

ऐकलंत? वसुलीला! मी ज्यांचे पाय धुतले ते आमची अब्रू धुवायला आले होते! हे तांब्या घेऊन कोपऱ्यात सरकले. तो ज्ञानेश उठायला लागला, म्हणतो, "सॉरी मावशी, खरं म्हणजे आम्हाला जरा आवाज चढवून बोलायचं असतं, शेजारपाजारला ऐकू जाईल असं..." मी म्हटलं, "खबरदार पाटावरनं उठाल तर! भरल्या ताटावरनं माणूस उठला तर माझं व्रत मोडेल. आधी जेवा, आवाज मागाहून चढवा." आणि काय करणार? जेवले! ललितानं तर दोनदा चुरमा मागून घेतला. खाल्ल्या घासाला जागून आवाज काही चढेना. उलट ज्ञानेश ह्यांना म्हणतो, "काका, जीप कुठाय?" ह्यांनी बोट दाखवलं, दारातल्या सायकलकडं. "वडिलांचं नाव काय?" "दगडू." त्यानं फाईल उघडली, पुन्हा मिटली, पुन्हा उघडली. "इथं नामदेव आहे. आणि गाव सटाण्याकडचं."

एवढंच! बापाचं नाव! बँकेच्या साहेबानं नाही बघितलं, कॉम्प्युटरनं नाही बघितलं, फोनवाल्या पोरीनं नाही बघितलं, आणि बघितलं कुणी, तर चुरमा खाऊन सुस्तावलेल्या वसुलीवाल्यानं! माझ्या डोळ्यांना पाणीच आलं. तो म्हणाला, "मावशी, उद्याच वर लिहून पाठवतो, हा तो माणूस नव्हे." आणि जाताना वाकून नमस्कार केला हो दोघांनी. त्यांना काय म्हणू? पोटासाठी करतात. पण ज्यांनी पाठवलं त्यांची किळस येते!

संध्याकाळी आक्काबाई नि सावळीराम भाऊजी उगवले. भाऊजींच्या गळ्यात पक्षाचं उपरणं, हातात झेंडा! मी म्हटलं, "हे काय?" तर म्हणतात, "वहिनी, चांदवडला साधी गाडीच नाय आली! एक आली, तिच्यावर लिवलं व्हतं नाशिक, आमी बसलो. तिनं नेलं थेट सभंला! उतरू देईनात, म्हने हात वर करा. केले. पुरी-भाजी दिली. लय भारी सभा झाली!" आक्काबाई करवादली, "कसली भारी, दोन घंटे उन्हात बसवलं मला! आन् ह्यांनी टाळ्या वाजवल्या, एकबी शब्द समजला नाय तरी!" म्हणजे माझं खरं मेहुण पुढाऱ्याच्या पंगतीला जेवून आलं! आणि गुरुजी? त्यांनी मेहुण पाठवलंच नव्हतं. ते उमेदवाराच्या प्रचाराचा नारळ फोडायला गेले होते.

दुसऱ्या दिवशी देवळात त्यांना गाठलं. म्हटलं, "गुरुजी, खरं सांगा, नवरा दुसरीचा, बायको दुसऱ्याची, वसुलीची माणसं, माझं व्रत पावलं का?" गुरुजी ओशाळले, म्हणाले, "तृप्त होऊन गेले ना? मग पावलं."

आणि पावलं हो! ज्ञानेश शब्दाला जागला. पाडव्याच्या आत पत्र आलं, 'सदर थकबाकी आपल्या नावावरून काढून टाकण्यात येत आहे.' ह्यांनी ते पत्र देव्हाऱ्यात ठेवलं, मी बेल वाहिला. ह्यांचा चेहरा कित्येक महिन्यांनी उजळला. ह्यांनी नवा शर्ट घातला, आम्ही जोडीनं बँकेत. साहेबांनी टकटक केलं... पुन्हा टकटक... आणि म्हणतात, "गांगुर्डे, इथं तर आता काहीच नाही."

"नाहीच असणार साहेब, आम्ही कुणाचं काही घेतलंच नाही."

"तीच तर अडचण! तुम्ही जन्मात कर्ज काढलेलं नाही, मग तुम्ही ते फेडाल की नाही हे आम्हाला कसं कळणार?"

मला आधी वाटलं थट्टा करतायत. नाही हो! बुडवणाऱ्याची पत खराब असते, आणि न घेणाऱ्याला पतच नसते! म्हणजे तो सटाण्याकडचा जीपवाला आमच्यापेक्षा बरा, त्याच्या नावावर काहीतरी आहे तरी! वर शहाणपण शिकवतात, "आधी काहीतरी लहानसं कर्ज घ्या, वेळेवर फेडा, मग या." आयुष्यभर मुलांना काय शिकवलं आम्ही, अंथरूण पाहून पाय पसरा. आणि हे म्हणतात, आधी पसरा, मग अंथरूण देऊ! देवाबद्दल तक्रार नाही... पण पुढचं तुम्हीच म्हणा, माझं तोंड दुखलं.

बरं, फ्लॅटचं काय? तर तोही देवच सांभाळतोय. बिल्डरला अजून वरच्या मजल्याची परवानगीच मिळालेली नाही. माझी पूर्वेची बाल्कनी हवेतच आहे, म्हणजे दुसऱ्या कुणाची अजून तरी झालेली नाही. तेवढा आधार पुरतो मला.

परवा हे दुकानात गेले आणि हप्त्यावर मिक्सर घेऊन आले. घरात पाटा-वरवंटा धडधाकट असताना! दुकानदारानं कागदावर सह्या घेतल्या, फोटो घेतला, कर्ज मंजूर. येताना हे पेढे घेऊन आले. देवापुढे ठेवले, मग मी शेजारी वाटायला निघाले. वरच्या मजल्यावरच्या रंगूबाई दारातच उभ्या. "काय गं छाया, पेढे कसले? घर झालं का?"

मी म्हटलं, "घर नाही हो अजून. पण देवाच्या कृपेनं आम्ही कर्जबाजारी झालो! घ्या, तोंड गोड करा."