मूळ मजकूर

आप्पा: ही पण लिफ्ट सोडलीत, नाना.

नाना: तुम्ही व्हा पुढे. घर तुमच्या मुलाचं आहे.

आप्पा: झालं! अहो, भर वर्गात तोंडातून निघून गेलं, त्याचं किती—

नाना: निघून नाही गेलं, आप्पा. चांगला नेम धरून मारलंत. ‘माझ्या मुलाच्या घरात राहता, त्याच्याच ताटात जेवता आणि वर क्रांती शिकवता!’ लेकीकडे चार दिवस राहायला आलेल्या बापाला हे ऐकवायचं? तेही नातीच्या शाळेत, तिच्या मैत्रिणींसमोर?

आप्पा: आणि तुम्ही उलट काय ऐकवलंत?

नाना: ते नका काढू.

आप्पा: बरं, नाही काढत. बसा इथे. बुद्धिबळाचं टेबल आहे, कुणी उठवणार नाही. ही कोपी घ्या, इथली पिशवीतली कॉफी. पिशवी दोरीला धरा, नाहीतर सांडेल लेंग्यावर.

नाना: मला नको.

आप्पा: घ्या हो. बिनसाखरेचीच सांगितली होती तुमच्यासाठी.

नाना: गार्गी केव्हाच वर गेली. डबलडेकर बसमध्ये आपल्याला खाली सोडून वरच्या मजल्यावर जाऊन बसली. एकदा मागे वळून बघितलं नाही.

आप्पा: उतरल्यावरही नाही. आपण दांडा धरधरून खाली पाय टेकवतोय तोवर ही रस्ता ओलांडून गेलीसुद्धा. एरवी माझा हात धरल्याशिवाय रस्त्यावर पाय ठेवत नाही.

नाना: किती तयारी केली होती हो तिने! रविवारी आपल्या दोघांना सोफ्यावर बसवून तालीम घेतली. ‘नाना, तुम्ही मॉस्कोत काय करत होता ते सांगा. आप्पा, तुम्ही मुंबईत अमेरिकन ऑफिसात काय करत होता ते सांगा. आणि शेवटी शेकहँड.’

आप्पा: तो शेकहँड हाच तर तिचा सगळा प्रोजेक्ट होता. शीतयुद्धाच्या दोन बाजूंचे दोन भाषांतरकार, आणि आता सिंगापुरात हौगांगच्या एका फ्लॅटमध्ये एका खोलीत झोपतात. तिच्या बाईंना, मिस लिमना, आधीच सांगून ठेवलं होतं, ‘माझे दोन्ही आजोबा समोरासमोरच्या पार्टीतले होते, आता बेस्ट फ्रेंड आहेत.’

नाना: शेकहँडपर्यंत आपण पोचलोच नाही.

आप्पा: कसे पोचणार? तुमचं भाषण आवरेना.

नाना: भाषण कसलं? आम्ही तिकडे मराठी पुस्तकं का छापत होतो, एवढंच सांगत होतो. आपल्याकडच्या खेड्यातल्या पोराच्या हातात गुळगुळीत कागदाचं, रंगीत चित्रांचं पुस्तक पडत होतं. वाघ, अस्वलं, ग्रह, तारे—

आप्पा: आणि अफगाणिस्तानात रणगाडे घुसले, त्याचं पत्रक कुणी मराठीत केलं? ‘बंधुभावाची मदत’ म्हणे!

नाना: आणि व्हिएतनाममधली गावंच्या गावं जाळली, त्याला ‘शांतता मोहीम’ हे नाव कुणाच्या लेखणीतून आलं?

आप्पा: बघा. पुन्हा सुरू झालो.

नाना: हो. झालो.

आप्पा: तुमचं ते राज्य बुडालं, माझं ते खातं बंद होऊन जमाना झाला, आणि आपण दोघं इमारतीखाली बसून अजून किल्ला लढवतोय. कुणी ऐकलं तर हसेल.

नाना: ऐकून कळणार कुणाला? आपण मराठीत भांडलो.

आप्पा: तीच तर घाण सवय लागलीय आपल्याला. एमआरटीच्या मेट्रोत बसायचं आणि समोरच्याच्या रंगवलेल्या केसांवर मराठीत ताशेरे मारायचे. इथे कोणाला कळतंय! वर्गातही तोच भ्रम. मधे उभ्या असलेल्या पोरीला शब्द न् शब्द कळतोय, हे लक्षातच आलं नाही.

नाना: माझ्या आलं होतं.

आप्पा: काय म्हणता?

नाना: मी तोंड उघडलं तेव्हा ती माझ्याकडेच बघत होती. नको, नको, अशी मान हलवत होती. तरी बोललो.

आप्पा: ‘हे लग्न झालंच नसतं तर बरं झालं असतं.’

नाना: हो.

आप्पा: कुशल आणि मैत्रेयीचं लग्न झालं नसतं तर आज तिथे उभी कोण असती, नाना?

नाना: कळतंय मला.

आप्पा: आपल्या नातीच्या तोंडावर—

नाना: कळतंय म्हटलं ना! म्हणून तर लिफ्ट सोडतोय. काय तोंड घेऊन वर जाऊ? ती दार उघडेल आणि मी तिला म्हणू काय?

आप्पा: रडू नका हो. लोक बघतात. कोपी घ्या थोडी. सुरुवात मी केली. माझा तर त्या वाक्यावर असा तोल गेला की कानातलं मशीन उपटून सरळ खिशात टाकलं. म्हटलं, आता यांचा एक शब्द ऐकायचा नाही.

नाना: म्हणजे पुढचं तुम्ही ऐकलंच नाहीत?

आप्पा: पुढे काय होतं ऐकायला? मुलं टाळ्या वाजवताना दिसली. म्हटलं, गुणी मुलं आहेत, म्हाताऱ्यांचा मान राखतात. मी उठून वाकून नमस्कार केला.

नाना: अरे देवा.

आप्पा: देव? तुम्ही?

नाना: थट्टा पुरे. त्या टाळ्या आपल्याला नव्हत्या, आप्पा. मिस लिमनी गार्गीला विचारलं, ‘आजोबा एवढ्या तळमळीने काय बोलताहेत? आम्हाला इंग्लिशमध्ये सांगशील?’

आप्पा: बाप रे. मग?

नाना: आधी खाली बघत राहिली. कान लाल झाले होते. मग मान वर केली आणि सांगितलं.

आप्पा: आपण बोललो ते?

नाना: नाही. म्हणाली, ‘माझ्या आईबाबांच्या लग्नाला हे दोघंही नाही म्हणत होते. मग मी जन्मले. नाही कशासाठी म्हटलं होतं, तेच आता दोघांना आठवत नाही.’ मुलं हसली. मिस लिमनी डोळे टिपले. मग टाळ्या.

आप्पा: आणि मी नमस्कार केला.

नाना: तुम्ही नमस्कार केलात, आणि मी गप्प बसलो. एका क्रियापदासाठी संपादकाशी आठवडाभर अबोला धरणारा माणूस मी. माझ्या देखत पोरीने साफ खोटं भाषांतर केलं, आणि मी ब्र काढला नाही. वर बरं वाटलं, आप्पा. सुटलो एकदाचा, म्हणून बरं वाटलं. त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटतेय.

आप्पा: आपलंच काम केलं की हो तिने. रणगाड्यांना मदत म्हणायचं.

नाना: आपण नोकरी टिकवायला म्हणत होतो. ती आपल्याला झाकायला म्हणाली. पंधरा वर्षांची पोर.

आप्पा: थांबा, मशीन नीट बसवू द्या कानात. लिफ्ट येतेय बहुतेक.

(लिफ्टमधून गार्गी बाहेर येते. अंगावर अजून शाळेचाच गणवेश. दोघे आजोबा बाईंनी नाव पुकारल्यासारखे उठून उभे राहतात. नानांच्या हातात कोपीची पिशवी तशीच लोंबकळते.)

गार्गी: आई विचारतेय, तुम्ही दोघं कुठे आहात. जेवण रेडी आहे.

आप्पा: तू काय सांगितलंस तिला?

गार्गी: खाली चेस खेळतायत.

नाना: आणि शाळेचं?

गार्गी: सेड इट वेंट वेल. मिस लिमला खूप आवडलं.

आप्पा: बाळा, खरं काय झालं ते आम्ही सांगतो तिला.

गार्गी: डोन्ट लाह, आप्पा, नको ना. आई रडेल. नाना लगेच बॅग भरतील. बाबा कोणाशीच बोलणार नाही. देन हाऊ?

नाना: गार्गी, मी जे बोललो ना—

गार्गी: मला माहितीये तुम्ही काय बोललात. मला मराठी येतं, नाना.

नाना: हो. येतं.

गार्गी: मी राँग ट्रान्स्लेट केलं. तुम्ही दोघं ट्रान्स्लेटर आहात ना, व्हॉट. करेक्ट का नाही केलं मला?

आप्पा: मला तर ऐकूच आलं नाही, माझं मशीन—

नाना: मशीनमागे लपू नका, आप्पा. लाज वाटली, बाळ. तुला करेक्ट करायचं म्हणजे खरं काय बोललो ते सगळ्यांना सांगायचं. तेवढा धीर झाला नाही.

गार्गी: मी तिथे उभी होते. मला वाटलं, तुमच्यातलं कोणीतरी थांबेल. कोणीच नाही थांबलं.

आप्पा: चुकलो गं. दोघंही चुकलो.

गार्गी: मिस लिमने नेक्स्ट वीकला परत बोलावलंय. दुसऱ्या क्लासला पण ऐकायचंय, सेम थिंग.

आप्पा: छे छे. नाही जमायचं.

गार्गी: कॅन, जमेल. मी क्लासमध्ये जे म्हटलं, ते आता तुम्ही मराठीत म्हणा. इथेच. मग माझं ट्रान्स्लेशन राँग नाही राहणार. ओरिजिनल फक्त लेट आलं.

नाना: तुम्ही सुरू करा, आप्पा.

आप्पा: मी? बरं. कुशल-मैत्रेयीच्या लग्नाला आम्ही दोघंही नाही म्हणत होतो. मला त्या लाल बावट्याच्या घरातली सून नको होती—

गार्गी: लाल बावटा मी नव्हतं म्हटलं.

आप्पा: बरं, तो काढतो. आम्ही दोघंही नाही म्हणत होतो. मग गार्गी जन्मली. नाना, पुढचं तुमचं.

नाना: आणि नाही कशासाठी म्हटलं होतं, ते आता...

गार्गी: ते आता?

नाना: ते आता आठव... नाही गं. हे नाही म्हणवत मला. आठवतं. सगळं आठवतं. सकाळी आप्पा पेपर उघडून ट्रम्पेट वाजवल्यासारखे खाकरतात ना, तेव्हा रोज आठवतं. तुझं भाषांतर एवढ्या एका जागी चुकलंय.

गार्गी: मग करेक्ट करा.

नाना: आठवतं, आणि लाज वाटते.

आप्पा: ‘आम्हा दोघांना’ घाला त्यात.

नाना: आठवतं, आणि आम्हा दोघांना लाज वाटते.

गार्गी: हे नेक्स्ट वीकला म्हणाल? सगळ्यांसमोर?

नाना: म्हणू. आमचे आम्हीच, इंग्लिशमध्ये. तू बाकावर बसून ऐक.

गार्गी: प्रॉमिस? मला परत नाही करायचं ते, नाना. तिथे उभं राहून शब्द शोधायला खूप भीती वाटते.

नाना: प्रॉमिस.

गार्गी: मग चला. कढी थंड होतेय. मी लिफ्ट धरलीये, या लवकर.

नाना: व्हा पुढे, आप्पा.

आप्पा: नाही, नाना. आधी तुम्ही. घर तुमच्या मुलीचं आहे.