पुढची सीट

...आणि वर तो मिस्त्री मलाच म्हणतो, "बाबूजी, गाड़ी तो बढ़िया है, आप चलाते गलत हो." आता बोला. तुम्हाला सांगतो, ही गाडी बुक केली तेव्हा आमचा उन्मेष रांगत होता आणि घरी आली तेव्हा तो शाळेत जात होता, इतकी वर्षं नंबर लावून मिळालेली वस्तू, तिला हा मुनिरक्याचा मिस्त्री दर महिन्याला उघडतो, पोटातलं काहीतरी काढतो, कधीकधी परतही घालतो, आणि म्हणतो, "बस, अब दस साल देखना नहीं." मी आर. के. पुरमला आमच्या सरकारी क्वार्टरपर्यंत पोचायच्या आत ती बंद. मग ढकला. लुंगीतले तमिळ शेजारी, बनियनमधले बंगाली शेजारी, अख्खं भारत सरकार मागून ढकलतंय आणि मी पुढे स्टिअरिंग धरून बसलोय. तुम्हीच सांगा, हिला दुरुस्त करायची की नवी घ्यायची?

उन्मेषला विचारावं तर तो आता गुरगावला परदेशी कंपनीत, काचेच्या इमारतीत बसतो, खाली म्हशी चरतात. म्हणतो, "बाबा, खटारा आहे यार ती. आता नंबर-बिंबर काही लावावा लागत नाही. लोन घ्या, बिल्कुल सोपं आहे." सोपं म्हणे... ज्याला 'उसनवारी' या शब्दाचा अर्थ सांगावा लागतो, तो मला कर्ज काढायला शिकवतो.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाची गाडी त्याची नसतेच मुळी. ती सबंध महाराष्ट्राची असते. कुणाच्या तरी लग्नात एकदा नमस्कार झालेला माणूस सहकुटुंब दारात उभा राहतो... "सहज आलो होतो, म्हटलं आग्रा करून टाकू." झालं. पुढच्या सीटवर पाहुण्यांतला वडीलधारा, नाहीतर ज्याला गाडी लागते तो, नाहीतर ज्याचे गुडघे दुखतात तो. आणि माझी बायको, नीला, मागे, मधोमध, मांडीवर दशम्यांचा डबा आणि डब्यावर कुणाचं तरी पोर. त्यातून पुढचं दार आतून उघडत नाही. बाहेरून हँडल वर उचलून कमरेनं धक्का द्यावा लागतो आणि ती कला फक्त नीलाला येते. गाडी थांबली की मागून उतरायचं, फिरून पुढे यायचं, धक्का द्यायचा... "या, सावकाश उतरा." कुतुबमिनारला तेच, आग्र्याला तेच. पाहुणे नसतात तेव्हा बसते की पुढे, असं म्हणाल. पाहुणे नसतात तेव्हा गाडी मिस्त्रीकडे असते.

मध्यंतरी एकदा चहा गाळता गाळता नीला म्हणाली, "अहो, तुम्ही रिटायर व्हायच्या आत एकदा पुढे बसून इंडिया गेटला जाऊन येऊ. दोघंच. आइस्क्रीम खाऊ, परत येऊ." एवढंच. तुम्हाला सांगतो, मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. मनात म्हटलं, दुरुस्त करायची की नवी घ्यायची हा प्रश्न संपला, चलो शोरूम.

शोरूममध्ये काय व्हावं? ही आपली जाऊन मागचंच दार उघडायला लागली. तो टायवाला मुलगा म्हणाला, "मॅडम, आगे बैठिए ना, फील लीजिए." बसली. पर्स मांडीवर, पर्सवर दोन्ही हात... आणि उतरेचना. दुसरं गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं तरी उतरेचना. मी तिथेच सही केली. जुनी त्या मिस्त्रीनंच घेतली, आणि आता रोज सकाळी पहिल्या किल्लीला सुरू करून माझ्या खिडकीखालून जातो. जाऊ दे.

दसऱ्याला नवी गाडी दारात. झेंडूचा हार, नारळ, चाकाखाली लिंबू, सगळं साग्रसंगीत. नीला लग्नातला शालू नेसून पुढे बसली. मी किल्ली लावतोय तेवढ्यात घरात फोन वाजला. नीलाचे मामा, गुलाबराव. निजामुद्दीन स्टेशनवरून. "म्हटलं, न कळवताच येऊ, मजा येईल."

गेलो. निजामुद्दीनपर्यंत नीला पुढे बसली होती बरं का, नाही म्हणायचं नाही. इंडिया गेट त्या रस्त्याला लागत नाही. पण मी ठरवलं होतं, आज मामा मागे. स्टेशनवर मी उतरलो, त्यांच्यासाठी मागचं दार उघडून उभा राहिलो, तर नीला आधीच खाली. "मामा, तुम्ही पुढे बसा हं, मागे तुम्हाला मळमळतं."

मामा बसले. पाय लांब केले. हाताने सीट दाबून पाहिली आणि म्हणाले, "जयंतराव, जुनी ऐसपैस होती हो. जरा दुरुस्त केली असती तर?"

मी आरशात पाहिलं, तर नीला मागे, मधोमध, मांडीवर मामांची पिशवी. शेजारी दोन्हीकडच्या जागा रिकाम्या.

घरी पोचलो. या गाडीचं पुढचं दार आतून उघडतं, खटका नुसता ओढायचा. मी मामांना सांगणार, तोवर नीला मागून उतरली, फिरून पुढे आली, बाहेरून हँडल उचललं आणि दाराला कमरेनं एक धक्का दिला... "या मामा, सावकाश उतरा."

आता तुम्हीच सांगा, दुरुस्त करायची की नवी घ्यायची?