अहो, जरा दोर धरता का?

...नाही नाही, मला सांगा, सुट्टीवर कोण आलं होतं? मी! खोली कुणाच्या नावावर? माझ्या! आणि भर उन्हात, धक्क्यावर, परक्याच्या बोटीचा दोर धरून कोण उभा? ...मीच की हो!

तुम्हाला सांगतो, माझं औषधांचं दुकान. उभा जन्म उभ्यानं गेला. यंदा बायकोनं निर्वाणीचं सांगितलं, "मला दागिना नको, काही नको. एक तास माझ्या शेजारी बसा. नुसते बसा!" म्हटलं, दिला तास! मेहुणा म्हणाला, "दाजी, पाण्याकाठी एक रिसॉर्ट आहे. हौशी लोक आपापल्या बोटी घेऊन येतात, तुम्ही गॅलरीत बसून बघायचं." बघायचं म्हणाला होता हो! धरायचं नव्हता म्हणाला!

गॅलरी धक्क्याला खेटून. दोन खुर्च्या, चहा, समोर पाणी. बायको जरा रेलून बसली आणि तेवढ्यात खालून हाक... "अहो! जरा दोर धरता का?"

आता 'अहो' ऐकलं की आपण उठतोच. लग्नाला इतकी वर्षं झाली, पायच उठतात, आपल्याला विचारतंय कोण! खाली गेलो तर पांढरी टोपी, काळा चष्मा, आणि बोटीच्या आधी पोट धक्क्याला लागलेलं. दोर असा फेकला की थेट माझ्या गळ्यात. सत्कारच! मग ओढा म्हणे, सोडा म्हणे, अहो इकडे नाही, तिकडे! बोट त्याची आणि चुका माझ्या!

वर आलो तर चहा गार आणि बायको गरम. बूड टेकतंय तोच... "अहो! जरा दोर धरता का?" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! या दुसऱ्याला तर मी तिथला कामगारच वाटलो. दोर बांधून झाल्यावर हातात काय ठेवावं? कचऱ्याची पिशवी! "जाता जाता टाका हं."

तडक मॅनेजरकडे गेलो. तो हात चोळत म्हणतो, "सर, आमच्याकडे बोटवाल्यांचं मनापासून स्वागत असतं!" अरे, कर की स्वागत! पण माझ्या हातांनी? तर म्हणे, "सर, सगळे तुमचं कौतुक करतायत. इतका चांगला माणूस मागच्या वर्षी नव्हता!" ...घ्या!

शेवटच्या दिवशी ठरवलं, आभाळ कोसळो, उठायचं नाही. बायकोनं दम भरला, "आज उठलात तर याद राखा!" आलीच एक बोट. चांगली थोरली! "अहो! जरा दोर धरता का?" मी खुर्चीचे हात घट्ट धरले. पुन्हा हाक. आणि तुम्हाला सांगतो, उठली कोण? बायको! "अहो, आपटतील ना ते बिचारे! चला, चला!"

धक्का गच्च भरलेला, दोर बांधायला जागा नाही. त्या बोटवाल्यानं उडी मारली, पुढचा दोर तिच्या हातात दिला, मागचा माझ्या. "दोनच मिनिटं हं! जागा कुठे आहे ते विचारून येतो." गेला तो गेलाच! ऊन चढलं, हात भरून आले. ती तिकडे त्या टोकाला, घामाघूम. मला खरंच वाईट वाटलं हो, एवढंसं तर मागितलं होतं तिनं! मी ओरडलो, "दमलीस का गंऽऽ?" तिकडून आवाज आला, "काऽऽय?"

झाला, तास झाला! अगदी पुरता भरला. शेजारी होतो, नाही कशाला म्हणू... मध्ये तेवढी एक बोट होती.