कात्रीला बस म्हणणारं कोणी

...आणि मग आत्याने टोमॅटोही बंद केला, तुम्हाला सांगते! अंडी आधीच गेली होती, शेंगदाणे गेले, दूध गेलं, वांगी गेली त्याचं मला काही दुःख नव्हतं, पण माझा ओठ सुजला रे सुजला की आत्या विचारणार, "काल काय खाल्लं होतंस गं?" आणि जे सापडेल ते फ्रिजवरच्या यादीत. एकदा मी काहीच खाल्लं नव्हतं, तर पाण्याचा माठ बदलला! अहो, बस म्हणणारं कोणी नको का घरात?

बाबांनी म्हणावं, तर बाबा शिंपी, तोंडात कायम टाचण्या. स्वतःचा हात मधूनच उशीसारखा फुगतो, तरी "कात्री धरून येते सूज" म्हणत दुसऱ्या हाताने काम चालू.

त्यात माझी दाढ किडली. मागे एक दात नुसता भरला, तर संध्याकाळी जीभ जड, घसा आवळलेला, श्वास शिट्टीसारखा... ॲलर्जीच्या इंजेक्शनाला तो घसा दादच देईना. आता तर दाढ उपटायची! घसा पुरता मिटला तर? पण हे विचारणार कोण? मी वर्गात हजेरीलासुद्धा नुसता हात वर करते.

डेंटिस्टबाईंनी दात भरला तेव्हाचा माझा जुना कागद वाचला आणि हातातला चिमटा खाली ठेवला. "घरात आणखी कोणाला सुजतं?" मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी हात हळूच खिशात घातला. बाईंनी तो बाहेर काढायला लावला आणि आम्हा दोघांना रक्त तपासायला मोठ्या दवाखान्यात पाठवलं.

तिथले डॉक्टर म्हणाले, ही ॲलर्जी नाहीच. जंतूंवर धावून जायला रक्तात काही प्रथिनं असतात, कात्रीसारखी. एक कात्री दुसरीला जागं करते, दुसरी तिसरीला. त्यांना आवरणारं वेगळं प्रथिन असतं, ते आम्हा बापलेकीत जन्मापासूनच कमी. म्हणजे दात भरला, काळजी केली, एवढ्यानेही कात्र्या सुटतात, रक्तातलं पाणी झिरपतं आणि गाल फुगतो. बाबांनी पहिल्यांदाच तोंडातल्या टाचण्या काढल्या. "म्हणजे कात्री चांगलीच आहे, पण खुणेपाशी थांबत नाही." बघा, रक्तातसुद्धा बस म्हणणारं कोणी लागतं!

मग दाढ काढण्याआधी तेच आवरणारं प्रथिन मला शिरेतून दिलं. दाढ निघाली. आत्या माझ्या गालासमोर खुर्ची टाकून बसली, दूध उतू जाईल म्हणून बसतात ना, तशी. संध्याकाळ झाली, दुसरा दिवस उजाडला, गाल आपला गालाएवढाच. आत्याने डोळे पुसले. "मी उगाच उपाशी मारलं गं तुला."

सूज पुन्हा येईल, पण आता औषध माहीत आहे. नर्सताईंना विचारलं, हे करतात कशाचं? त्या म्हणाल्या, लोक रक्तातला पिवळा द्रव दान करतात ना, त्यातून. हजारो लोकांचा एकत्र करतात. नावं? ती कोणालाच कळत नाहीत.

आता सांगा, जिला शेजारच्या काकूंचे आभार मानताना घाम फुटतो, तिने हजारो अनोळखी माणसांना गाठायचं कुठे? म्हणून ठरवलं, दिसेल त्याला म्हणायचं, त्यातला एखादा असेलच. काल सगळं धैर्य गोळा करून पोस्टमनकाकांना म्हटलं, "थँक्यू."

ते म्हणाले, "अगं, आज तुमचं काही आलेलंच नाही."