पुलावरच्या मुलाचा आवाज

बाळाचा ताप उतरत नव्हता. हाँगकाँगच्या त्या दवाखान्यात नंबराची वाट बघणाऱ्या वाय-शानचे कान मात्र मागच्या बाकाकडे लागले होते. तिथे एक म्हातारा आणि फोन घेतलेली एक मुलगी बोलत होते.

"रेमेडियोस काका, तुम्ही आवाज दिलेला तो जपानी राक्षसपट सापडला! इंग्रजी आवाजातली ही एकच प्रत उरलीय. मनिलाच्या गोदामात सडत होती, आंबूस वास मारत होती. आम्ही सहा जणांनी आठ महिने फिल्मची एकेक चौकट पुसली, मग ऑनलाइन चढवली."

"वेडे आहात! आम्ही चौघं एका दुपारी अख्खं टोकियो इंग्रजीत बोलायचो. सेनापती मी, पळणारी गर्दीही मीच."

"आणि बायका?"

"सगळ्या माझी ग्लोरिया. पोरंसुद्धा. पडद्यावर नाव मात्र कुणाचंच नाही."

"आता आम्ही लिहिणार. पण पुलावरच्या ह्या मुलाचा आवाज कुणाचा, ते तुम्हीच सांगा." तिने फोनवर तो प्रसंग लावला.

"बाबा, त्याला मारू नका, तो भुकेला आहे!" फोनमधला मुलगा ओरडला.

"…परत लाव."

"काका?"

"तीच. अकरा वर्षं झाली तिला जाऊन. घरात तिच्या आवाजाची एक कॅसेटही नाही गं. परत लाव."

"काका, डॉक्टर बोलावताहेत."

"थांबायला सांग त्यांना. बायको बोलतेय."